प्रतिध्वनीतून गर्भदर्शन घडविणारे डॉ. इयान डोनाल्ड

सोनोग्राफीच्या टेबलावर पडून पडद्यावरील आपल्या बाळाची धूसर हालचाल पाहणे, हा अनुभव अलीकडच्या पिढीतील बहुतेक मातांच्या ओळखीचा आहे. पूर्वी मात्र मातेच्या उदरातील गर्भ डॉक्टरांनाही अदृश्यच होता. हाताने चाचपून आणि नळी लावून ठोके ऐकून जेवढे कळेल तेवढेच ज्ञान. क्ष-किरणांचा पर्याय होता. पण गर्भावस्थेत घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा बालपणीच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे ब्रिटनमधील डॉ. अॅलिस स्टुअर्ट यांनी 1956 साली दाखवून दिले आणि तो मार्गही धोक्याचा ठरला. नेमक्या त्याच काळात ग्लासगो येथील एका प्राध्यापकाने जहाजे आणि बॉयलर यांच्या कारखान्यांतील एक यंत्र रुग्णशय्येजवळ आणले. त्यांचे नाव डॉ. इयान डोनाल्ड.

डोनाल्ड यांचा जन्म 27 डिसेंबर 1910 रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील लिस्कर्ड या गावी झाला. घराणे मूळचे स्कॉटिश आणि डॉक्टरकीची परंपरा असलेले; आई पियानोवादक. वडिलांच्या प्रकृतीमुळे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथे 1927 साली घरात घटसर्पाने शिरकाव केला आणि आईचे निधन झाले. पाठोपाठ तीनच महिन्यांत वडीलही गेले. सोळा वर्षांच्या इयानवर भावंडांतील थोरला म्हणून अकाली प्रौढत्व आले. केपटाऊन विद्यापीठातून त्यांनी भाषा व संगीत हे विषय घेऊन कला शाखेची पदवी मिळविली आणि नंतर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1937 साली ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी अॅलिक्स रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला चार मुली झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात 1942 पासून त्यांनी ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. बॉम्ब असलेल्या जळत्या विमानात शिरून त्यांनी वैमानिकांना बाहेर काढले. या शौर्याबद्दल 1946 साली त्यांना एमबीई हा सन्मान मिळाला. मात्र हवाई दलाने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. रडार आणि सोनार या तंत्रांशी त्यांचा तेथे जवळून परिचय झाला. लहर सोडायची, अडथळ्यावर आदळून ती परत येण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, हे सूत्र त्यांच्या मनात घर करून राहिले. यंत्रांची त्यांना जात्याच आवड होती. युद्धानंतर लंडनमध्ये त्यांनी श्वास घेऊ न शकणाऱ्या नवजात बालकांसाठी श्वसनयंत्रे तयार केली, तीही या आवडीतूनच.

1954 साली ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. ग्लासगो हे त्या वेळी जहाजबांधणीचे आणि अवजड उद्योगांचे शहर. धातूच्या ओतकामातील आणि जोडकामातील दडलेल्या भेगा शोधण्यासाठी तेथे श्राव्यातीत ध्वनिलहरींची यंत्रे वापरली जात. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचाच ध्वनी ऐकू येतो. या यंत्रांतील लहरींची कंपने लाखांच्या घरात असत. पोलादातील भेग जर प्रतिध्वनीवरून सापडते, तर शरीरातील गाठ का सापडू नये, असा डोनाल्ड यांचा सरळ तर्क होता.

21 जुलै 1955 रोजी त्यांनी रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कंपनीचे प्रयोगदालन गाठले. सोबत दोन मोटारींच्या डिकीत शस्त्रक्रियेतून काढलेल्या गाठी होत्या. काही गर्भाशयाच्या घट्ट गाठी, तर काही बीजांडकोशाच्या द्रवाने भरलेल्या. तुलनेसाठी मांसाचा एक मोठा तुकडा ठेवण्यात आला. घट्ट गाठीतून प्रतिध्वनी एका प्रकारचे येत आणि द्रवाच्या गाठीतून वेगळ्या प्रकारचे. दोहोंतील फरक पडद्यावर स्पष्ट दिसला. सोनोग्राफीच्या ग्लासगोतील इतिहासाची सुरुवात अशी कारखान्यात झाली.

तरीही डोनाल्ड यांच्या हाती असलेले उसने यंत्र सदोष होते. ही हकीकत केल्व्हिन अँड ह्यूज या कंपनीतील टॉम ब्राऊन या अवघ्या 23 वर्षांच्या अभियंत्याच्या कानावर आली. त्याने स्वतःहून प्राध्यापकांना दूरध्वनी केला. कंपनीनेही पुढे 500 पौंड आणि ब्राऊनचा वेळ देऊ केला. ब्राऊन, तरुण डॉक्टर जॉन मॅकव्हिकर आणि डोनाल्ड असे त्रिकूट जमले. सहकाऱ्यांकडून त्यांची थट्टाही होत असे.

ही थट्टा थांबविली एका रुग्ण स्त्रीने. तिचे पोट वेगाने फुगत होते, वजन घटत होते आणि जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेला आहे, असे निदान झाले होते. पोटात पाणी साचले असल्याची सर्वांची समजूत होती. शल्यचिकित्सेच्या प्राध्यापकांनी डोनाल्ड यांना यंत्र लावून पाहण्यास सांगितले. प्रतिध्वनींनी दाखविले ते वेगळेच. पाणी पसरलेले नव्हते. त्याला स्पष्ट कड होती. म्हणजे ती बीजांडकोशाची अवाढव्य गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ निरुपद्रवी निघाली आणि मरणपंथाला लागलेली ती स्त्री बरी होऊन घरी गेली. त्या दिवसानंतर या संशोधनाकडे खेळ म्हणून पाहणे कोणालाच शक्य राहिले नाही.

ब्राऊनने 1957 च्या सुमारास रुग्णालयातील खाटेवरच्या टेबलाचा सांगाडा वापरून असे यंत्र उभारले, की ज्यात त्वचेवरून फिरणाऱ्या प्रोबचे स्थान आणि दिशा विद्युत संकेतांनी मोजली जाई. प्रत्येक प्रतिध्वनी पडद्यावर आपापल्या जागी ठिपक्याच्या रूपाने उमटे आणि ठिपक्यांतून शरीराचा आडवा छेद आकाराला येई. 7 जून 1958 रोजी लॅन्सेट या नियतकालिकात या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पुढे गर्भाच्या डोक्याचा व्यास मोजून त्याची वाढ ठरविणे शक्य झाले. 1963 मध्ये डोनाल्ड यांच्या ध्यानात आले, की मूत्राशय भरलेले असल्यास त्यातून लहरी सहज आत जातात आणि अगदी सुरुवातीचा गर्भही दिसतो. सोनोग्राफीपूर्वी भरपूर पाणी पिऊन येण्याची जी सूचना दिली जाते, तिचे मूळ येथे आहे.

डोनाल्ड यांच्या यंत्रात संगणक नव्हता. चित्र पडद्यावरून छायाचित्राने टिपावे लागे आणि त्यात काळा व पांढरा यांच्यामधल्या छटा जवळजवळ नसत. 1970 च्या दशकात करड्या छटा आल्या. दशकाच्या अखेरीस प्रतिध्वनींचे अंकांत रूपांतर करून ते स्मृतीत साठविणारी यंत्रे आली आणि हलते चित्र सहजसाध्य झाले. वैद्यकीय चित्रांच्या देवाणघेवाणीचे पहिले मानक अमेरिकेत 1985 साली प्रसिद्ध झाले. 1993 मध्ये त्याला डायकॉम हे रूप मिळाले आणि एका रुग्णालयातील सोनोग्राफी जाळ्यावरून दुसऱ्या शहरातील तज्ज्ञाला पाहता येऊ लागली. शिक्षणाच्या बाबतीत म्हणावे, तर डोनाल्ड यांच्याकडे शिकलेले डॉ. आसिम कुर्याक यांनी 1981 साली दुब्रोव्निक येथे त्यांच्या नावाने सोनोग्राफीची आंतरविद्यापीठ शाळा सुरू केली. तिच्या शाखा भारतासह अनेक देशांत निघाल्या.

मात्र या थोर संशोधकाच्या आयुष्याला वादाचीही एक किनार आहे. निष्ठावान ख्रिस्ती असलेल्या डोनाल्ड यांनी ब्रिटनच्या 1967 च्या गर्भपात कायद्याला कडाडून विरोध केला. गर्भपातासाठी आलेल्या स्त्रियांना ते पडद्यावरील गर्भ दाखवीत, जेणेकरून त्यांचे मन बदलावे. स्त्रीच्या कठीण प्रसंगी असे चित्र तिच्यासमोर धरणे अनेकांना क्रूर वाटले. डोनाल्ड यांना ते आपले कर्तव्य वाटत होते. यंत्र निदान करते, पण त्या निदानाचे काय करायचे हे यंत्र सांगत नाही, हा पेच जन्मदात्याच्या हयातीतच उभा राहिला होता.

भारतात या पेचाने अधिक भीषण रूप घेतले. गर्भाला वाचविण्यासाठी जन्मलेले यंत्र गर्भातील मुलगी हुडकण्यासाठी वापरले जाऊ लागले. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातील पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 1991 मध्ये 946 होती, ती 2001 च्या जनगणनेत 913 आणि 2011 च्या जनगणनेत 894 वर आली. यात दोष प्रतिध्वनीचा नाही, तो ऐकणाऱ्यांचा आहे.

डोनाल्ड यांचे स्वतःचे हृदय दुबळे होते. त्यांच्या हृदयावर तीन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि तरीही त्यांचे काम थांबले नाही. ग्लासगोचे क्वीन मदर्स हे प्रसूती रुग्णालय 1964 साली उभे राहिले, त्यामागे त्यांचाच ध्यास होता. 1973 मध्ये त्यांना सीबीई हा किताब मिळाला आणि 1976 साली ते निवृत्त झाले. इसेक्समधील पॅगल्शम या खेड्यात 19 जून 1987 रोजी त्यांचे निधन झाले. क्वीन मदर्स रुग्णालयाचे दरवाजे 2010 मध्ये बंद झाले. पण जगात कोठेही एखाद्या मातेला पडद्यावरचा इवलासा, धडधडणारा ठिपका दाखविला जातो, तेव्हा ग्लासगोच्या त्या खटपटी प्राध्यापकाचे ऋण नकळत मान्य केले जाते. ते फेडण्याचा मार्ग एकच: पडद्यावर दिसणारा जीव मुलगा की मुलगी, हे न विचारता त्याचे स्वागत करणे.