केतकर मास्तरांचा ग्रह

आमच्या घरात पुस्तक म्हणून एकच होते, खुंटीला टांगलेले पंचांग. अण्णांना वाचता येत नाही. मृग कधी लागतो, वाहन कोणते, हे ते माझ्याकडून वाचून घेत. हे गणित कोणी बसवले असेल, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नाशिकला कॉलेजात आलो आणि ग्रंथालयात व्यंकटेश बापूजी केतकर हे नाव भेटले.

केतकरांचा जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. पेशा शाळामास्तराचा. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नसत. पाश्चात्त्य गणिताच्या आधारे त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राशिचक्राचा आरंभ चित्रा तारेवरून ठरवावा, असा त्यांचा आग्रह होता. लोकमान्य टिळकांचा पक्ष वेगळा होता, तरी मास्तर हटले नाहीत. आमच्या खुंटीवरचे पंचांग चित्रापक्षाचेच.

१९११ च्या मे महिन्यात फ्रान्समधील खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्या एकमेकांशी ठरावीक प्रमाणात बांधलेल्या असतात. तोच नियम दूरच्या ग्रहांना लावून नेपच्यूनपलीकडे आणखी दोन ग्रह असावेत, असे त्यांनी मांडले. नावे दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट, फेरी २४२.२८ वर्षांची. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे अंतर साधारण ३९.५ पट, फेरी २४८ वर्षांची!

हे वाचून मी मोठ्या आवेशाने लिहून टाकले होते की, प्लूटो मराठी माणसाने शोधला. दुसऱ्या दिवशी ते वाक्य मीच खोडले. ग्रह आकाशात कोठे दिसेल हे केतकरांनी सांगितले नव्हते, आणि विष्णू तर कोणालाच सापडला नाही. (२००६ पासून प्लूटोलाही बटुग्रहांच्या पंगतीत बसवले आहे.)

प्लूटो सापडला तो अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत, क्लाइड टॉम्बॉला. गारपिटीत पीक गेले म्हणून ज्याचे कॉलेज राहिले, असा हा शेतकऱ्याचा मुलगा. निफाडकडच्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. सहा दिवसांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे आलटूनपालटून पाहताना त्याला एक ठिपका सरकलेला दिसला.

मग इतर वेधशाळांनी जुन्या काचा बाहेर काढल्या. फुटलेले तारेही असेच पुष्कळदा जुन्या छायाचित्रांत मागाहून सापडतात. यर्किस वेधशाळेच्या १९०९ च्या काचेवर प्लूटो होता! म्हणजे केतकर मास्तर लेख लिहीत होते तेव्हा त्यांच्या ब्रह्माच्या जागेचा तो ठिपका दोन वर्षे कपाटात पडून होता. असा ग्रह आहे म्हणून अखेरपर्यंत शोधणाऱ्या पर्सिव्हल लॉवेलच्या वेधशाळेतही १९१५ च्या काचांवर तो उमटला होता, पण कोणी ओळखला नाही. लॉवेल १९१६ साली वारले. केतकर मास्तर मात्र १९३० च्या ऑगस्टपर्यंत होते.