टाकळीचा हिरवा खडा

हिस्लॉप हे नाव नागपूरकरांस महाविद्यालयामुळे परिचित आहे. हेच नाव एके काळी एका खनिजासही लाभले होते, हे मात्र फारसे कोणास ठाऊक नसते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स येथे झाला. धर्मप्रचारक म्हणून १८४५ च्या प्रारंभी ते भोसल्यांच्या नागपुरास आले व पुढील वर्षी त्यांनी तेथे शाळा काढली. ते मराठी शिकले आणि गोंडांच्या कथागीतांची टिपणेही त्यांनी केली. फिरतीवर असताना त्यांची दृष्टी सदैव खडकांवर असे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी वऱ्हाड-नागपूरच्या भूस्तरांचा कसून शोध घेतला.

सीताबर्डीच्या वायव्येस असलेल्या टाकळी येथे त्यांना गवतासारखा हिरवागार खडा सापडला. डब्लिनचे प्राध्यापक सॅम्युअल हॉटन यांनी त्याचे पृथक्करण करून १८५९ मध्ये त्यास ‘हिस्लॉपाइट’ असे नाव दिले. नागपूरच्याच दुसऱ्या एका खनिजास त्यांनी ‘हंटराइट’ म्हटले. पुढे हिस्लॉपाइट हे स्वतंत्र खनिज नसून हिरव्या द्रव्याने रंगलेले कॅल्साइटच होय, असे ठरले. हंटराइटही खनिजांच्या यादीत टिकले नाही.

तथापि टाकळीचे खरे धन निराळेच होते. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये हिस्लॉप यांना गोड्या पाण्यातील शंखशिंपले आणि वनस्पतींची अश्मीभूत फळे आढळली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, लाव्हारसाचा एक लोट थंडावून दुसरा येईपर्यंतच्या अवधीत येथे तळी भरली होती व जीवसृष्टी बहरली होती, याचा हा पुरावा होय. तो आजही अबाधित आहे.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना, पुराच्या पाण्यात हिस्लॉप यांचा अंत झाला. वयाची शेहेचाळीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते.

लाव्हाथरांमधील अशाच वनस्पती-जीवाश्मांचा अभ्यास पुढे आपल्या लखनौत बिरबल साहनी यांनी केला. त्यांनी १९४६ मध्ये स्थापन केलेली संस्था आपल्या जानकीपुरमपासून दूर नाही. मुलांना ती अवश्य दाखवावी आणि सुट्टीत नागपुरास गेल्यावर, आता शहरातच सामावलेल्या टाकळीची ही हकीकतही सांगावी. खनिजाचे नाव पुसले गेले, तरी स्वदेशापासून इतक्या दूर येऊन त्या माणसाने पायांखालच्या भूमीची केलेली ओळख वाया गेली नाही.