सावलीचा वारसा

नगरांच्या इतिहासात राजे, मुत्सद्दी आणि उद्योगपती यांची नावे ठळकपणे नोंदली जातात. पादचाऱ्याच्या मस्तकावर ज्यांनी छाया धरली, त्यांचे स्मरण क्वचितच होते. गुस्ताव हेरमान क्रुम्बिगेल हे अशा विस्मृतांपैकी एक होत. बंगळूरला उद्याननगरी ही ख्याती मिळवून देण्यात या जर्मन उद्यानतज्ज्ञाचा वाटा फार मोठा आहे.

१८६५ साली ड्रेस्डेनजवळील लोमेन या गावी त्यांचा जन्म झाला. उद्यानविद्येचे शिक्षण घेऊन ते १८८८ साली इंग्लंडात गेले आणि क्यू येथील विख्यात वनस्पतिउद्यानात काम करू लागले. १८९३ साली ते हिंदुस्थानात आले, ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. तेथील उद्यानांची व्यवस्था त्यांनी सुमारे दीड दशक पाहिली. पुढे म्हैसूर संस्थानच्या सेवेत शिरून बंगळूरच्या लालबागेची सूत्रे त्यांनी हाती घेतली आणि १९३२ साली ते निवृत्त झाले. दुसऱ्या महायुद्धात केवळ जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्धता सोसावी लागली. तरीही त्यांनी हा देश सोडला नाही. १९५६ साली बंगळुरातच त्यांचा देहान्त झाला.

त्यांची खरी कामगिरी लालबागेच्या कुंपणाबाहेरची आहे. एका रस्त्यावरील बहर ओसरला की दुसऱ्या रस्त्यावर निराळ्या जातीचे वृक्ष फुलावेत, म्हणजे वर्षाचा कोणताही काळ पुष्पहीन जाऊ नये, अशा योजनेने त्यांनी मार्गवृक्ष लावविले. बागेची भिंत ओलांडून बाग रस्त्यावर आली, ती सर्वांच्या मालकीची झाली.

या योजनेत बहराचे सौंदर्य प्रमुख होते. परंतु तिचे मोल तेवढेच नाही. डांबर आणि सिमेंट दिवसभर उष्णता साठवितात व रात्री ती बाहेर टाकतात. वृक्षाचा पर्णसंभार ऊन रस्त्यापर्यंत पोहोचूच देत नाही; शिवाय पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनात हवेतील उष्णता खर्ची पडते. बंगळुरातील रस्त्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. वृक्षहीन भागांच्या तुलनेत वृक्षाच्छादित भागांत दुपारचे हवेचे तापमान ५.६ अंश सेल्सियसपर्यंत, तर रस्त्याच्या पृष्ठभागाचे २७.५ अंशांपर्यंत कमी असल्याचे त्यात आढळले.

अशा छायेवर गेल्या काही दशकांत रस्तारुंदीकरणाची आणि मेट्रोची कुऱ्हाड चालली आहे. वाहतुकीची निकड खोटी नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र तोडलेल्या वृक्षांच्या बदल्यात शहराबाहेर रोपे लावली म्हणजे भरपाई झाली, हा हिशेब फसवा आहे. दूरच्या माळावरील रोपट्याची सावली भर दुपारी पदपथावर बसणाऱ्या भाजीवालीला मिळत नाही; आणि ते रोपटे वाढेपर्यंत तिचे अर्धे आयुष्य सरलेले असते. वातानुकूलित मोटारीतून जाणाऱ्यास वृक्ष ही शोभा वाटेल. तिच्या दृष्टीने तो निवारा आहे.

पुणे, नागपूर, मुंबई या आपल्या शहरांनाही हेच लागू आहे. रस्त्याच्या आराखड्यात गटार आणि दिवे यांना जसे हक्काचे स्थान असते, तसेच ते वृक्षालाही हवे. उरलेल्या जागेत लावावयाची ती शोभेची वस्तू नव्हे. क्रुम्बिगेल यांनी लावविलेल्या वृक्षांची पूर्ण छाया त्यांच्यापेक्षा पुढील पिढ्यांनाच अधिक लाभली. आपल्यानंतर येणाऱ्यांसाठी आज आपण कोणती सावली लावीत आहोत, याचे उत्तर नगरपालिकांनी आणि नागरिकांनीही द्यावयाचे आहे.