छायाप्रतींच्या यंत्राचे जनक : चेस्टर कार्लसन

परीक्षेचे अर्ज भरण्याचे दिवस आले म्हणजे आमच्या शाळेच्या फाटकासमोरील लहानशा दुकानापुढें विद्यार्थ्यांची व पालकांची एकच गर्दी उसळते. कोणाला दाखल्याची प्रत हवी असते, तर कोणाला गुणपत्रकाची. दुकानाचें तोंड रस्त्याकडे आहे. मोटार गेली कीं धुरळा आंत येतो. वैशाखांत पत्र्याचें छप्पर तापतें आणि आषाढांत भिंतींना ओल सुटते. अशा स्थितींत तें यंत्र सकाळपासून रात्रीपर्यंत राबत असतें. मधूनच तें अडतें, दुकानदार झांकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढतो, आणि काम पुढें चालूं होतें. त्या प्रतीला आपण सर्वजण झेरॉक्स म्हणतों. परंतु हें यंत्र ज्याच्या डोक्यांतून निघालें तो पुरुष कोण, असें विचारलें असतां वर्गांतील हुशार मुलेंही गप्प बसतात, असा आमचा अनुभव आहे. म्हणून यंदा त्याचें चरित्र वाचकांस सादर करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चेस्टर फ्लॉइड कार्लसन याचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजीं अमेरिकेंतील सिॲटल शहरीं झाला. बाप न्हाव्याचा धंदा करी. परंतु संधिवात व क्षय या दोन व्याधींनीं त्याला कायमचें पंगु केलें. पुढें आईलाही क्षयानें गांठलें. फिरत फिरत हें कुटुंब कॅलिफोर्नियांत सॅन बर्नार्डिनो येथें येऊन राहिलें. आठव्या वर्षापासून चेस्टर पैशासाठीं लहानसहान कामें करूं लागला. शाळा भरण्यापूर्वीं दोन-तीन तास काम आणि शाळा सुटल्यावर पुन्हां काम, असा त्याचा क्रम असे. हायस्कुलांत गेला तेव्हां घरांतील मुख्य मिळवता तोच झाला होता. तो सतरा वर्षांचा असतांना आई वारली.

अशा घरांतील मुलाला खेळण्याची हौस ती काय असणार? पण चेस्टरला छापण्याचें वेड होतें. दहाव्या वर्षीं त्यानें हातानें लिहिलेलें एक चिमुकलें पत्र काढून तें आपल्या मित्रांत फिरविलें. पुढें एका मुद्रकाकडे काम करून, मजुरीच्या बदल्यांत त्यानें एक जुनें छापयंत्र मिळविलें, आणि रसायनशास्त्राच्या हौशी अभ्यासकांसाठीं मासिक काढण्याचा घाट घातला. तें मासिक फार काळ टिकलें नाहीं. परंतु एकेक खिळा जुळवितां जुळवितां, मनांतील शब्द कागदावर उतरविणें किती कष्टाचें आहे, हें मात्र त्याच्या मनांत कायमचें ठसलें.

रिव्हरसाइड येथील कॉलेजांत कांहीं आठवडे काम व कांहीं आठवडे अध्ययन अशी सोय होती. तिचा लाभ घेऊन तो शिकला. पुढें कॅलिफोर्नियाच्या प्रसिद्ध तंत्रशिक्षण-संस्थेंतून १९३० सालीं पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन तो बाहेर पडला. पण तो काळ जगांतील घोर मंदीचा. त्यानें ८२ कंपन्यांस अर्ज पाठविले. एकीनेंही त्यास नोकरी दिली नाहीं. अखेर न्यूयॉर्क येथें बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेंत जागा मिळाली व तेथून पेटंटांच्या शाखेंत बदली झाली. १९३३ सालीं तीही नोकरी गेली. नंतर कांहीं दिवसांनीं मॅलरी या विजेचें सामान करणाऱ्या कंपनीच्या पेटंट-कचेरींत त्यास स्थिर काम लाभलें.

आतां पेटंट-कचेरी म्हणजे नकलांचा कारखानाच. प्रत्येक शोधाच्या वर्णनाच्या व आकृतींच्या अनेक प्रती लागत. टंकलेखनांत चुका राहत, कार्बनच्या कागदानें चारदोन प्रतींपलीकडे मजल जात नसे, आणि आकृतींसाठीं छायाचित्रकाराकडे गेल्यास वेळ व पैसा दोन्ही जात. शिवाय कार्लसन रात्रीं कायद्याचा अभ्यास करीत. पुस्तकें विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळें ग्रंथालयांत बसून तीं हातानें उतरून घेत. बापाचा संधिवात आतां मुलाच्याही सांध्यांत शिरला होता. लिहितां लिहितां हात आंखडे. बोट दाबलें कीं प्रत बाहेर पडावी, असें यंत्र कां नसावें, हा विचार त्या दुखऱ्या हातांतून जन्मास आला, असें म्हटलें तरी चालेल.

छायाचित्रणाच्या रासायनिक वाटेनें मोठमोठ्या कंपन्या अगोदरच फिरून आल्या असतील, असें ताडून त्यांनीं निराळी वाट धरिली. कांहीं पदार्थ असे आहेत कीं ते अंधारांत विद्युत् वाहूं देत नाहींत, पण प्रकाश पडतांच वाहूं देतात. अशा पदार्थाचा लेप दिलेल्या पत्र्यावर घर्षणानें विद्युद्भार चढवावा व त्यावर लेखाची छाया पाडावी. जेथें उजेड पडेल तेथील भार निघून जाईल. अक्षरांच्या काळोखांत तो राहील. वर बारीक भुकटी टाकली तर ती अक्षरांनाच चिकटेल. मग ती कागदावर उतरवून उष्णतेनें पक्की करावी. किती साधी ही कल्पना! परंतु स्वयंपाकघराच्या चुलीवर गंधक वितळवून प्रयोग करितां करितां साऱ्या घरांत घाण सुटे, आणि घरच्या माणसांस नाक मुठींत धरून बसावें लागे.

पुढें अस्टोरिया या वस्तींत त्यांनीं एक खोली घेतली आणि ओटो कोर्नाय नांवाच्या बेकार ऑस्ट्रियन शास्त्रज्ञास मदतीस ठेविलें. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं कोर्नाय यांनीं कांचेच्या पट्टीवर शाईनें ती तारीख व त्या वस्तीचें नांव लिहिलें. खोली अंधारी केली, गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानें घासला, वर पट्टी ठेवून क्षणभर प्रखर दिवा दाखविला, आणि भुकटी पसरून फुंकर घातली. अक्षरें पत्र्यावर तशीच्या तशीं उमटलीं होतीं! मेणकागदावर तीं उतरवून घेतलीं, ती जगांतील या जातीची पहिली प्रत होय. कोर्नाय यांना मात्र यांत कांहीं राम वाटला नाहीं. लवकरच ते दुसरीकडे नोकरीस गेले.

येथें चरित्र संपावें असें वाटेल. खरें पाहतां कार्लसन यांची परीक्षा येथूनच सुरू झाली. १९४२ सालीं पेटंट हातीं आलें. पण १९३९ ते १९४४ या काळांत वीसाहून अधिक कंपन्यांनीं त्यांना परत पाठविलें. कंपन्यांस तरी एकट्यास कां दोष द्यावा? कार्लसन यांनीं कारागिरांकडून नमुन्याचें यंत्र करवून घेतलें होतें, तें कधीं धड चाललेंच नाहीं. विद्युद्भार हा मोठा चंचल पाहुणा आहे. हवेंत ओलावा असला कीं तो थांबत नाहीं. आमच्या शाळेच्या कचेरींतही श्रावणांत प्रती फिक्या निघतात व कागद एकमेकांस चिकटून आंत अडतात. आमचे शिपाईमामा तेवढ्यासाठीं कागदाचें रीम रात्रभर पेटत्या दिव्याखालीं ठेवितात. त्यांच्या हातीं पदार्थविज्ञानाचें पुस्तक कोणीं दिलें नाहीं, पण कारण त्यांना बरोबर उमगलें आहे.

१९४४ सालीं ओहायो प्रांतांतील बॅटेल या संशोधनसंस्थेनें काम अंगावर घेतलें. तेथें गंधकाच्या जागीं सेलेनियम आला व प्रती स्पष्ट निघूं लागल्या. त्यानंतर रॉचेस्टर शहरांतील हॅलॉइड नांवाची छायाचित्राचे कागद करणारी एक लहान कंपनी पुढें झाली. ग्रीक भाषेंतील 'कोरडें' व 'लेखन' या अर्थाच्या शब्दांवरून या विद्येस झेरोग्राफी हें नांव देण्यांत आलें. १९४९ सालीं त्यांचें पहिलें यंत्र बाजारांत आलें. पण एका प्रतीसाठीं इतक्या क्रिया हातानें कराव्या लागत कीं कचेऱ्यांनीं त्याकडे पाठ फिरविली. आणखी दहा वर्षें गेलीं. सेलेनियमच्या ढोलावर ओरखडे उठत. ढोलावरील उरलेली भुकटी झाडण्यास योग्य कुंचला सांपडेना, तेव्हां अखेर सशाच्या केसांचा कुंचला उपयोगी पडला. ढोलास चिकटलेल्या कागदाची कड सोडविण्यासाठीं हवेच्या फुंकरेची योजना करावी लागली. हीं कामें कार्लसन यांनीं एकट्यानें केलीं नाहींत. तीं करणाऱ्या कित्येक कारागिरांचीं नांवें आज कोणी घेत नाहीं, याचें आम्हांस वाईट वाटतें.

१६ सप्टेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत नवें यंत्र लोकांस दाखविण्यांत आलें. ९ इंच रुंद व १४ इंच लांब कागदाची प्रत काढी म्हणून त्याचें नांव ९१४. वजन सुमारें ६५० पौंड. आणि दैवाची थट्टा अशी कीं, त्या दिवशीं मांडलेल्या दोन यंत्रांपैकीं एकानें पेट घेतला! भुकटी पक्की करणाऱ्या तापलेल्या भागांत कागद अडकला कीं तो करपे, कधीं पेटेही. पुढें कंपनीनें यंत्रासोबत आग विझविण्याचें लहान साधन दिलें. ग्राहक बिचकूं नयेत म्हणून त्याचें नांव मोठें सौम्य ठेविलें होतें. या चतुराईचें आम्हांस हसूं येतें.

असें अडणारें, करपणारें यंत्र जगभर पसरलें कसें? आमच्या मतें याचें इंगित यंत्रापेक्षां व्यवहारांत अधिक आहे. कंपनी यंत्र मुख्यतः भाड्यानें देई, आणि आंतील गणकावर जितक्या प्रती उमटत त्या मानानें पैसे आकारी. यंत्र बंद म्हणजे उत्पन्न बंद. त्यामुळें दुरुस्तीची काळजी ग्राहकाच्या शिरावर न राहतां करणाराच्याच शिरावर राहिली. निष्णात कारागीर हत्यारांच्या पेट्या घेऊन कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरत. शिवाय प्रत्येक कचेरींतील एखाद्या इसमास यंत्राची निगा शिकवून ठेवीत : कागद अडल्यास कोठून काढावा, भुकटी केव्हां भरावी, ढोल कसा जपावा. ज्या कचेरींत असा एक लक्ष देणारा मनुष्य असे, तेथें यंत्राची कुरकुर कमी होई. पहिलें यंत्र १९६० सालीं ग्राहकाकडे गेलें. १९६१ सालीं कंपनीनें झेरॉक्स हेंच नांव धारण केलें.

कार्लसन आतां कोट्यधीश झाले. पण राहणी साधीच राहिली. पत्नी डॉरिस यांच्या सहवासानें त्यांचें मन वेदान्त व झेन यांच्या चिंतनाकडे वळलें होतें. शाळा, संशोधन व परोपकाराचीं इतर कामें यांना त्यांनीं दहा कोटी डॉलरांहून अधिक द्रव्य दिलें, आणि तेंही बहुधा आपलें नांव कळूं न देतां. मरण्यापूर्वीं निर्धन व्हावें, ही त्यांची इच्छा होती. अस्टोरियाच्या खोलींतून निराश होऊन गेलेल्या कोर्नाय यांसही ते विसरले नाहींत. कंपनीचे शंभर शेअर त्यांनीं त्यांना भेट म्हणून दिले.

१९ सप्टेंबर १९६८ रोजीं कार्लसन न्यूयॉर्कमध्यें होते. एका सभेस जाण्यापूर्वीं थोडा वेळ मोकळा होता, म्हणून ते चित्रपट पाहण्यास गेले. तेथें खुर्चीवर बसल्या बसल्याच त्यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ६२ वर्षांचें होतें.