सहावे जॉर्ज : अडखळत्या वाणीचा सम्राट

ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज हे हिंदुस्थानचे अखेरचे सम्राट होत. जुन्या पिढीतील भारतीयांना त्यांचा चेहरा नाण्यांवरून परिचित होता. डिसेंबर १९३६ ते फेब्रुवारी १९५२ या काळात ते ब्रिटनच्या सिंहासनावर होते. दुसरे महायुद्ध आणि भारताचे स्वातंत्र्य या घटना त्यांच्याच कारकिर्दीत घडल्या. या राजाचे आयुष्य आणखी एका कारणाने लक्षणीय ठरते. बालपणापासून अखेरपर्यंत ते अडखळत बोलत असत. रेडिओमुळे राजाचा आवाज थेट घराघरांत पोहोचू लागला होता, नेमक्या त्याच काळात राजपद त्यांच्या वाट्याला आले.

एकाकी बालपण

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८९५ रोजी सँड्रिंगहॅम येथे झाला. ते राणी व्हिक्टोरिया यांचे पणतू. त्यांचे पहिले नाव आल्बर्ट आणि घरातील लाडके नाव बर्टी. थोरले बंधू एडवर्ड बोलके आणि सर्वांना आवडणारे होते. आल्बर्ट मात्र लाजाळू व हळवे होते. ते मूळचे डावखुरे, परंतु त्यांना उजव्या हाताने लिहिणे भाग पाडण्यात आले. गुडघ्यांतील दोष दूर करण्यासाठी त्यांच्या पायांना वेदनादायक पट्ट्या बांधल्या जात. वडील, म्हणजे पुढे राजे झालेले पाचवे जॉर्ज, अत्यंत शिस्तप्रिय होते. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास आल्बर्ट यांचे बोलणे अडखळू लागले.

वडिलांचा धाक आणि हात बदलण्याची सक्ती यांतून हा दोष निर्माण झाला, असे दीर्घकाळ मानले गेले. आजच्या शास्त्रीय माहितीनुसार तोतरेपणाचे मूळ बोलण्याच्या हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. शंभरातील सुमारे पाच मुले बालपणी कधी ना कधी अडखळतात. त्यांतील बहुतेकांची वाणी पुढे सुरळीत होते. प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे एक टक्का असून त्यात पुरुषांची संख्या अधिक असते. धाक, घाई आणि चेष्टा यांनी तोतरेपणा उत्पन्न होत नसला, तरी त्याची तीव्रता निश्चित वाढते.

बर्टीच्या घरी या तिन्ही गोष्टींची उणीव नव्हती. वडीलधाऱ्यांच्या वाढदिवशी मुलांनी पाठ केलेल्या कविता सर्वांसमोर म्हणून दाखवाव्यात, असा राजघराण्याचा रिवाज होता. इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन कविताही म्हणाव्या लागत. इतर मुलांसाठी आनंदाचा असणारा हा दिवस त्यांच्यासाठी परीक्षेचा ठरे. शब्द अडला की वडील अधीर होत आणि त्या अधीरतेने पुढचा शब्दही अडत असे.

मौनाचा चुकीचा अर्थ

१९०९ मध्ये त्यांना ऑस्बोर्न येथील नौदल महाविद्यालयात पाठविण्यात आले. तेथील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. अर्ध्याचे अर्धे किती, असा प्रश्न शिक्षकांनी विचारला असता ते गप्प राहिले. उत्तर त्यांना ठाऊक होते, पण पाव या अर्थाचा ‘क्वार्टर’ हा इंग्रजी शब्द ज्या ध्वनीने सुरू होतो, तोच त्यांच्या तोंडून निघत नव्हता. अशा प्रत्येक मौनाची नोंद अज्ञान म्हणून होत गेली. अंतिम परीक्षेत ६८ विद्यार्थ्यांमध्ये त्यांचा क्रमांक शेवटचा आला.

‘क’ आणि ‘ग’ हे ध्वनी त्यांना विशेष कठीण जात. त्यामुळे ‘किंग’ हा शब्द टाळून ते वडिलांचा उल्लेख ‘हिज मॅजेस्टी’ असा करीत. अडखळणाऱ्या अनेकांना ही युक्ती परिचयाची असते. बोलता बोलता पुढचा अवघड शब्द आधीच हेरायचा आणि त्याच्या जागी दुसरा शोधायचा. ऐकणाऱ्याला याचा पत्ता लागत नाही, मात्र बोलणाऱ्याचे सारे लक्ष आणि शक्ती त्यात खर्च होते. आल्बर्ट यांना वारंवार येणारे रागाचे झटके घरातील सर्वांच्या परिचयाचे होते. पहिल्या महायुद्धात १९१६ साली जटलंडच्या सागरी लढाईत कॉलिंगवूड या युद्धनौकेवर त्यांनी कामगिरी बजावली. तोफांच्या माऱ्यात स्थिर राहणारा हा तरुण मेजवानीतील चार वाक्यांच्या भाषणाला मात्र घाबरत असे.

१९२० मध्ये ते ड्यूक ऑफ यॉर्क झाले आणि २६ एप्रिल १९२३ रोजी एलिझाबेथ बोव्ज-लायन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सार्वजनिक कार्यक्रम वाढले, तशी भाषणेही वाढली. ३१ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमधील वेंब्ली येथे ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाचे भाषण त्यांना करावे लागले. वाक्यावाक्याला पडणारे दीर्घ खंड त्यांना आणि श्रोत्यांनाही असह्य झाले. तोपर्यंत अनेक तज्ज्ञांचे उपचार निष्फळ ठरले होते. आपल्या मनातच काही व्यंग असावे, अशी भीती त्यांना ग्रासू लागली होती.

लोग यांची शिकवण

पत्नीच्या आग्रहामुळे आणखी एक प्रयत्न करण्यास ते तयार झाले. १९ ऑक्टोबर १९२६ रोजी ते लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील लायोनेल लोग यांच्याकडे गेले. लोग मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. ते वक्तृत्वाचे शिक्षक होते आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, वाचा बिघडलेल्या सैनिकांना बोलते करण्याचे काम त्यांनी केले होते. राजपुत्रांनी आपल्याच खोलीत यावे, असा त्यांचा आग्रह होता. उपचाराच्या काळात दोघे समान पातळीवर असावेत, हा त्यामागील हेतू.

लोग यांच्या पद्धतीत चमत्कार काहीच नव्हता. पोटातून श्वास घेण्याचा सराव, उघड्या खिडकीपाशी उभे राहून स्वरांचे दीर्घ उच्चारण, अवघड ध्वनींची पुनरावृत्ती आणि वाक्याचे श्वासाला झेपतील असे तुकडे पाडणे, असा तो नित्यक्रम होता. हा अभ्यास घरीही रोज करावा लागे. पुढील सुमारे १४ महिन्यांत त्यांच्या ८२ भेटी झाल्या. दोष मनाचा नाही आणि प्रयत्नाने बोलण्यात सुधारणा होऊ शकते, हा विश्वास लोग यांनी पहिल्याच भेटीत दिला. ९ मे १९२७ रोजी कॅनबेरा येथे ऑस्ट्रेलियाच्या संसद भवनाच्या उद्घाटनाचे भाषण त्यांनी फारसे न अडखळता पूर्ण केले.

राजपद आणि ध्वनिक्षेपक

डिसेंबर १९३६ मध्ये आठवे एडवर्ड यांनी सिंहासनाचा त्याग केला आणि धाकट्या भावावर अनपेक्षितपणे राजपदाची जबाबदारी आली. दोनच दिवसांनी कँटरबरीचे आर्चबिशप कॉस्मो लँग यांनी रेडिओवरील भाषणात नव्या राजाच्या अडखळत बोलण्याचा उल्लेख केला. त्यामुळे श्रोत्यांनी अस्वस्थ होऊ नये, असा त्यांचा उद्देश होता. प्रत्यक्षात जो विषय राजा विसरू पाहत होता, त्याची चर्चा देशभर सुरू झाली.

१२ मे १९३७ रोजी राज्याभिषेक झाला आणि त्याच रात्री राजाने रेडिओवरून भाषण केले. लोग त्यांच्याजवळ होते. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्या सायंकाळी सहा वाजता बकिंगहॅम राजवाड्यातील लहानशा खोलीतून राजाने साम्राज्यातील जनतेला उद्देशून भाषण केले. थांबण्याच्या जागा मजकुरावर आधीच रेघांनी दाखविलेल्या होत्या. भाषण संथ होते, खंडही जाणवत होते. युद्धकाळात तो संथपणाच अनेकांना निर्धाराचा वाटला.

या काळात महत्त्वाच्या भाषणांपूर्वी दोघे बसून मजकूर तपासत आणि अडचणीचे शब्द बदलत. १९४४ च्या नाताळात राजाने प्रथमच लोग यांच्या उपस्थितीविना नाताळचे भाषण केले. उपचार सुरू होऊन तेव्हा १८ वर्षे लोटली होती. तरीही अडखळणे पूर्णपणे गेले नव्हते. अडखळण्याची शक्यता मान्य करून बोलणे त्यांना साधले होते.

भारत स्वतंत्र झाल्यानंतर २२ जून १९४८ रोजी त्यांनी सम्राट ही पदवी सोडली. सप्टेंबर १९५१ मध्ये शस्त्रक्रिया करून त्यांचे डावे फुप्फुस काढण्यात आले. त्या वर्षीचे नाताळचे भाषण थोडे थोडे ध्वनिमुद्रित करून नंतर जोडावे लागले. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी सँड्रिंगहॅम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी लोग यांचाही मृत्यू झाला.

राजाच्या पत्नी एलिझाबेथ यांना या आठवणी अखेरपर्यंत क्लेशकारक वाटत. स्वतः बालपणी अडखळणारे लेखक डेव्हिड सायडलर यांनी या विषयावर लिहिण्याची परवानगी मागितली, तेव्हा आपल्या हयातीत हे लिहू नये, अशी विनंती त्यांनी केली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सायडलर यांच्या पटकथेवरील ‘द किंग्ज स्पीच’ हा चित्रपट २०१० मध्ये प्रदर्शित झाला. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर पुरस्कार मिळाले.

सहाव्या जॉर्ज यांना प्रशिक्षित मार्गदर्शक मिळाला, तेव्हा त्यांचे वय तिशीपलीकडे गेले होते. आज वाचा-उपचाराची सोय बालवयातच उपलब्ध होऊ शकते. मुंबईत १९८३ पासून कार्यरत असलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे त्याचे एक उदाहरण आहे. मूल अडखळत असेल, तर त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये, घाई करू नये आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत शांतपणे ऐकावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. वाढदिवसाच्या कविता म्हणणाऱ्या बर्टीला घरात एवढेच हवे होते.