पंडित सुंदरलाल शर्मा : आधी आपल्या घरी

इ. स. १८९३ च्या जून महिन्यातील एका कडाक्याच्या थंड रात्री, दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्सबर्ग स्थानकावर एका तरुण भारतीय बॅरिस्टरला आगगाडीतून उतरवून देण्यात आले. त्याच्याजवळ पहिल्या वर्गाचे तिकीट होते; परंतु त्याची कातडी गोरी नव्हती. मोहनदास करमचंद गांधी यांच्या जीवनातील हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. तो वाचताना आजही मनात चीड उत्पन्न होते.

मात्र त्याच काळात आपल्या देशातील असंख्य गावांत माणसांना पाणवठ्यावरून, देवळाच्या पायरीवरून आणि जेवणाच्या पंगतीतून केवळ जन्मामुळे दूर ठेवले जात होते. त्याची चीड फार थोड्यांना येत असे. परक्याने केलेला अपमान चटकन जाणवतो. आपल्या हातून रोज होणारा अपमान जाणवण्यास मात्र मनाची वेगळी तयारी लागते. अशी तयारी ज्यांनी दाखवली, त्या छत्तीसगडच्या पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या जीवनाचा परिचय आपण या पाठात करून घेणार आहोत.

रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावर राजीम हे तीर्थक्षेत्र वसले आहे. या राजीमजवळच्या चमसूर या खेड्यात २१ डिसेंबर १८८१ रोजी एका सुस्थितीतील ब्राह्मण कुटुंबात सुंदरलाल यांचा जन्म झाला. गावच्या शाळेतील शिक्षण संपल्यावर ते पुढे कोणत्याही महाविद्यालयात गेले नाहीत. तथापि त्यांचे शिकणे थांबले नाही. घरीच राहून त्यांनी संस्कृत, इंग्रजी, बंगाली, उडिया अशा भाषांचा अभ्यास केला. लोकमान्य टिळकांचा 'केसरी' त्यांच्या घरी येत असे आणि तो वाचता वाचता ते मराठीही शिकले. रायपूर आणि नागपूर तेव्हा एकाच मध्य प्रांतात होते. त्यापूर्वी छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे मराठी भाषा त्या मुलखाला अनोळखी नव्हती.

वाचनाची ही गोडी त्यांना लेखनाकडे घेऊन गेली. त्या काळी छत्तीसगडी ही केवळ शेतकरी-मजुरांची बोली समजली जाई; तिच्यात काव्य रचणे सुशिक्षितांना कमीपणाचे वाटे. सुंदरलाल यांनी कृष्णकथेवर आधारलेले 'दानलीला' हे काव्य याच बोलीत लिहिले आणि ते खेडोपाडी लोकप्रिय झाले. माणसांत जसे उच्चनीच ठरवले जाते तसेच त्यांच्या भाषेतही ठरवले जाते. त्यातील एक भेद त्यांनी अशा रीतीने आपल्या लेखणीने दूर सारला.

बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशीचे वारे वाहू लागले. सुंदरलाल यांनी आपल्या भागात स्वदेशी वस्तूंची दुकाने काढली. त्या व्यवहारात त्यांना मोठा तोटा सोसावा लागला. परंतु त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही. १९२० साली धमतरीजवळच्या कंडेल गावातील शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून सरकारने दंड बसवला. त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते. अखेरीस सरकारला तो दंड मागे घ्यावा लागला. पुढे सिहावा भागातील जंगल सत्याग्रहातही त्यांनी भाग घेतला आणि कारावास पत्करला. रायपूरच्या तुरुंगातही हा लेखक स्वस्थ बसला नाही. तेथे त्यांनी एक हस्तलिखित पत्रिका चालवली.

परकीय सत्तेशी असा झगडा चालू असतानाच त्यांची दृष्टी स्वतःच्या समाजाकडेही वळली होती. छत्तीसगडच्या मैदानी भागात सतनामी पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. गिरौदपुरी येथे १७५६ साली जन्मलेले गुरू घासीदास हे या पंथाचे प्रवर्तक. सर्व माणसे समान आहेत, मूर्तिपूजा नको, मद्य व मांस वर्ज्य करावे, अशी त्यांची शिकवण होती. त्यांचे अनुयायी बहुतांशी कष्टाळू शेतकरी होते. तरीही सवर्ण समाज त्यांना अस्पृश्यच मानीत असे. ज्यांच्या श्रमावर गावाचे कोठार भरे, त्यांच्या हातचे पाणी मात्र गावाला चालत नसे.

हा विरोधाभास सुंदरलाल यांना अस्वस्थ करू लागला. इंग्रजांकडे समान वागणुकीचा हक्क मागायचा आणि आपल्याच शेजाऱ्याला तो नाकारायचा, ही गोष्ट त्यांच्या मनाला पटेना. केवळ भाषणे करून हा दोष जाणार नाही, हे ओळखून त्यांनी स्वतःच्या आचरणापासून आरंभ केला. ते सतनामी वस्त्यांत जाऊ लागले आणि त्यांच्यात मिसळून राहू लागले. ज्या जानव्यावर आपल्याच जातीचा अधिकार आहे असे त्यांचे जातभाई मानीत, ते जानवे त्यांनी सतनामी बांधवांना दिले. रायपूर येथे त्यांनी सतनामी आश्रमाची स्थापना केली. १९२५ साली राजीमच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा, यासाठी ते पुढे सरसावले.

या कार्याचे मोल त्यांना चुकवावे लागले. ज्या घराण्यात जन्म झाला, ज्या नात्यागोत्यांत आयुष्य गेले, तेथूनच रोष ओढवला. सरकारविरुद्ध तुरुंगात जाणाऱ्याला लोक हार घालतात. जातीचा नियम मोडणाऱ्याकडे मात्र तेच लोक पाठ फिरवतात. हा दुसरा मार्ग अधिक एकाकी होता आणि सुंदरलाल त्यावरून चालत राहिले. नोव्हेंबर १९३३ मध्ये अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असताना गांधीजी रायपूरला आले. या कार्यात सुंदरलाल आपल्याही पुढे आहेत, अशा शब्दांत त्यांनी पंडितजींचा गौरव केला, असे छत्तीसगडात आदराने सांगितले जाते.

आज या कार्याकडे पाहताना त्याच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. जानवे हे उच्चवर्णीयांचे चिन्ह. ते धारण केल्याने माणसाची योग्यता वाढते असे नाही, कारण ती मुळातच कमी नसते. मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथाला देवळाच्या दाराचे महत्त्वही वेगळे वाटणार. शिवाय सतनामी समाजाचा स्वाभिमान कोणी बाहेरून दिलेला नव्हता. गुरू घासीदासांनी तो शंभर वर्षांपूर्वीच जागवला होता. सुंदरलाल यांच्या प्रयत्नांनी खरा बदल घडवायचा होता तो अपमान करणाऱ्यांच्या मनात. कमीपणा जर कोठे असेल, तर तो माणसाला दूर लोटणाऱ्याकडे आहे, हे त्यांनी आपल्या वागण्यातून दाखवून दिले.

२८ डिसेंबर १९४० रोजी पंडित सुंदरलाल शर्मा यांचे निधन झाले. स्वातंत्र्य पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे भारतीय संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे आचरण शिक्षेस पात्र ठरले.

कायद्याने आपले काम केले. परंतु रोजच्या व्यवहारातील भेद ओळखणे हे प्रत्येकाचे काम आहे. भाड्याने घर देताना आडनाव विचारले जाते. लग्नाच्या जाहिरातीत गोऱ्या वधूची अपेक्षा बिनदिक्कत छापली जाते. ईशान्येकडील राज्यांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या आपल्याच देशबांधवांना चेहरेपट्टीवरून परके ठरवून चिडवले जाते. त्यांच्या तक्रारींचा विचार करण्यासाठी २०१४ साली केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली. आफ्रिकेतून आलेल्या विद्यार्थ्यांनाही आपल्या शहरांत रंगावरून टोमणे ऐकावे लागतात. वंश, वर्ण, जात ही नावे निराळी असली, तरी माणसाला जाणून घेण्यापूर्वीच त्याची पायरी ठरवून टाकण्याची वृत्ती एकच आहे. असे वागणारा माणूस बहुधा दुष्ट नसतो. आपण काही वावगे करीत आहोत, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. म्हणूनच सुंदरलाल यांच्याप्रमाणे आपल्या घरापासून तपासणी सुरू करणे आवश्यक ठरते. घरी कामाला येणाऱ्या बाईंचा पेला वेगळा ठेवला आहे काय, एवढे पाहण्यासाठी कोणत्याही चळवळीची वाट पाहावी लागत नाही.

छत्तीसगड राज्याने पंडितजींचे स्मरण अनेक प्रकारे जतन केले आहे. त्यांच्या नावाने साहित्याचा राज्य पुरस्कार दिला जातो. २००५ साली बिलासपूर येथे स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. शेती, मजुरी, संसार वा नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी ते आहे. गावची शाळा सुटल्यावर घरीच, वर्तमानपत्र वाचता वाचता एक नवी भाषा शिकलेल्या माणसाचे नाव त्या विद्यापीठाला शोभून दिसते.