श्रावकरत्न वीरचंद राघवजी गांधी

सौराष्ट्रातील महुवा येथे २५ ऑगस्ट १८६४ रोजी जन्मलेले वीरचंदभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवीधर झाले. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण पू. आचार्य आत्मारामजी महाराजांना आले. साध्वाचारानुसार महाराजांना समुद्रप्रवास वर्ज्य; म्हणून त्यांनी एकोणतीस वर्षांच्या या श्रावकास पाठविले.

समाजातीलच अनेकांनी त्यांना धर्मभ्रष्ट ठरविले. त्यांना संघाबाहेर काढावे, अशीही मागणी झाली. परक्यांची टीका एकवेळ सोसवते. देरासराच्या पायरीवरील आपल्याच माणसांची कुजबुज सोसणे महाकठीण. गुर्वाज्ञा शिरोधार्य मानून वीरचंदभाई निघाले.

परदेशी त्यांनी काठियावाडी पागोटे उतरविले नाही आणि शाकाहाराचे व्रत कटाक्षाने पाळले. परिषदेनंतरही तेथे राहून शहरोशहरी जैन तत्त्वज्ञानावर व्याख्याने दिली. १८९५ मध्ये परतले तरी विरोध मावळला नव्हता. तरीही १८९६ मध्ये ते पुन्हा अमेरिकेस गेले, आणि भारतातील दुष्काळग्रस्तांसाठी तेथून धान्य व पैसा मिळविण्याकरिता झटले.

७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. वयाची सदतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले ते २००२ मध्ये.